पिकावर संध्याकाळी औषध मारूनसुद्धा पेटीतल्या मधमाश्या मरतायत? आधी हे तपासा

सकाळी पेटीपुढं मेलेल्या माश्यांचा सडा, चार-पाच दिवसांत पेटी निम्मी, मग महिनाभरात जरा सावरते आणि पुढच्या हंगामात परत तेच. कागल तालुक्यात दूधगंगेच्या काठाला माझ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, ९ पेट्या आहेत, बांधावर आंब्याखाली, आणि हा प्रकार माझ्याकडं तीन वर्षांत तीन वेळा झालाय. पहिल्यांदा मला रोग वाटला. दुसऱ्यांदा वाटलं राणी म्हातारी झाली असेल, म्हणून दोन पेट्या एकत्र जोडून टाकल्या. तिसऱ्यांदा मात्र आजूबाजूचे सगळे संध्याकाळीच औषध मारत होते, म्हणजे सगळीकडं जे सांगतात तसंच सगळं चाललं होतं, आणि तरी माश्या मेल्या. तेव्हा कळलं की "संध्याकाळी फवारा" एवढ्या एका वाक्यावर हा विषय मिटत नाही, पीक बदललं की वेळ बदलते, औषध बदललं की दिवस बदलतात, आणि नेमकं काय चुकतंय ते शोधायचं असेल तर सुरुवात मेलेल्या माशीपासनंच करावी लागते.

ज्यांच्याकडं असंच वारंवार होतंय त्यांच्यासाठी मी कसं शोधलं ते लिहितोय, लांब झालंय पण वाचा.

आधी माशी बघा, मग माणसाला बोला

सकाळी साडेसहा-सातला पेटीपुढं गुडघ्यावर बसा आणि नुसतं बघत राहा. मी दुसऱ्या वर्षी जूनमध्ये जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढनं जात नाही. एक माशी पाठीवर पडून भिंगरीसारखी गरागरा फिरत होती, थांबायची, परत फिरायची. शेजारी दोघी-तिघी थरथरत चालत होत्या, कशाबशा दारापर्यंत यायच्या आणि दारातल्या राखणीच्या माश्या त्यांना आत घेत नव्हत्या, ढकलून बाहेर काढत होत्या. मेलेल्यांतल्या बऱ्याच जणींची जीभ बाहेर आलेली, पंख फाकलेले, आणि मागच्या पायाला परागाच्या पिवळ्या गोळ्या जशाच्या तशा. जीभ बाहेर आणि पायाला पराग म्हणजे ही माशी धडधाकट होती, कामावर गेली होती, आणि फुलावर नाहीतर परतीच्या वाटेवर तिला विष लागलं. वय होऊन मेलेली माशी अशी दिसत नाही, तिचे पंख कडेला फाटलेले असतात, अंगावरची लव गेलेली असते, काळी तुळतुळीत दिसते, आणि अशा माश्या रोज थोड्या-थोड्या मरतातच. मेलीफेराच्या, म्हणजे मोठ्या परदेशी मधमाशीच्या, भरलेल्या पेटीपुढं दिवसाला शंभरएक मेलेल्या दिसल्या तरी ते नेहमीचं धरतात, सातेरीची पेटीच लहान त्यामुळं आपला आकडा त्याहून कमी धरायचा. एका रात्रीत ओंजळभर माश्या पडल्या असतील तर ते म्हातारपण नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, ह्यात ढीगच पडत नाही. इमिडाक्लोप्रीड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडीन ही जी एका कुळातली औषधं आहेत ती थोड्या मात्रेत माशीच्या मेंदूवर काम करतात, तिला वाट आठवत नाही, ती शेतातच कुठंतरी बसून राहते आणि तिथंच मरते. पेटी उघडल्यावर राणी दिसते, अंडी आहेत, अळ्या आहेत, मधसुद्धा आहे, पण पोळ्यांवर माश्याच नाहीत, आणि अळ्यांना ऊब द्यायला पुरेशा माश्या नसल्यानं कडेच्या अळ्या गारठून मेलेल्या. आपण म्हणतो माश्या उडून गेल्या. सातेरीला उडून जायची सवय आहे हे खरं, पण उडून जाताना ती राणीला घेऊन जाते आणि पोळी रिकामी करून जाते. राणी मागं, पिल्लं मागं आणि कामकरी तेवढ्या गायब, असं असेल तर पेटीत काय चुकलं ते शोधत बसू नका, शेताकडं बघा.

तिसरी खूण म्हणजे मोठ्या माश्या ठणठणीत, पण दारात पांढऱ्या अळ्या आणि अर्धवट वाढलेले कोष ओढून टाकलेले. किडीला कात टाकू न देणारी औषधं असतात ना, नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, बुप्रोफेझिन वगैरे, त्यांचा परिणाम असा दिसू शकतो. मोठी माशी मरत नाही म्हणून दुकानदार "माशीला काय होत नाही" असं सांगून देतो, पण तिनं आणलेला पराग खाऊन घरातली पिल्लं मरतात.

आणि हे सगळं नसेल तर प्रामाणिकपणे दुसरी कारणंही बघा, उगाच शेजाऱ्याच्या नावानं खडे फोडू नका. माश्या पोळ्याच्या घरात डोकं खुपसून, शेपटी बाहेर अशा मेल्या असतील तर ती उपासमार आहे, पावसाळ्यात आपल्याकडं हे फार होतं, साखरपाक द्या. अळी पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी दिसत असेल आणि चिमट्यानं उचलल्यावर अख्खी पिशवी वर येत असेल तर ते थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग, १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात ह्यानंच सातेरीच्या पेट्याच्या पेट्या बसल्या होत्या. आणि आपल्या कोल्हापूरचं खास कारण म्हणजे गुऱ्हाळ. हंगामात रसाच्या वासानं माश्या गुऱ्हाळघरावर जातात आणि काहिलीत, मंदाण्यात, वाफाऱ्यात शेकड्यांनी मरतात, आणि इकडं पेटी हलकी होते. जवळ गुऱ्हाळ सुरू असेल तर आधी तिथं एक चक्कर मारून या. मी तर आता नोव्हेंबर ते मार्च पेट्या गुऱ्हाळाच्या बाजूच्या बांधावर ठेवतच नाही.

तीन वेळा मेल्या, तीन कारणं निघाली

पहिलं वर्ष, फेब्रुवारी. शेजारचे आण्णा म्हणजे नात्यानं काही नाही पण लहानपणापासनं आण्णाच म्हणतो, त्यांनी वीस गुंठे काकडी केली होती. काकडीचं फूल पहाटे-सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं, एका फुलाला एकच दिवस मिळतो, त्यामुळं सकाळी सात ते अकरा माश्यांची नुसती झुंबड असते. आणि आण्णांचा गडी सकाळी आठला पंप पाठीवर घ्यायचा कारण उन्हाच्या आत काम उरकायचं. हे कारण सगळ्यात सोपं होतं. त्यांना जाऊन सांगितलं, त्यांनी फवारणी संध्याकाळी पाचच्या पुढं नेली, फुलं मिटलेली, माश्या घरी, आणि त्या प्लॉटवरनं परत कधी त्रास झाला नाही. इथनं मला वाटलं की विषय संपला.

दुसरं वर्ष, जून. मघाशी भिंगरीसारख्या फिरणाऱ्या माश्या सांगितल्या त्या ह्या वेळच्या. शेतात काकडी नव्हती, भाजी नव्हती, सगळीकडं ऊस आणि नुकतंच टोकणलेलं सोयाबीन. मला कळेना फुलंच नाहीत तर विष कुठनं आलं. चार दिवस माश्या कुठल्या दिशेला जातात ते बघत राहिलो, सगळ्या ओढ्याकडं चालल्या होत्या, ओढ्याच्या बाभळीवर. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे (उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतनं निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोर ह्या झाडांवर पाला खायला जमतात, म्हणून उसवाले त्या झाडांवर एचटीपीनं, म्हणजे जोराचा फवारा मारणाऱ्या पंपानं, क्लोरपायरीफॉस नाहीतर इमिडाक्लोप्रीड मारतात. भुंगेरे मारायचेच, त्याबद्दल वाद नाही, हुमणीनं उसाचं काय होतं ते मी स्वतः भोगलंय. पण जूनमध्ये बाभळीला पिवळी गोंडेरी फुलं यायला लागतात आणि तेव्हा शेतात दुसरं काही नसल्यानं माशी परागासाठी तिथंच जाते. फवारणी रात्री आठला झाली होती! वेळ एकदम बरोबर. पण क्लोरपायरीफॉसचा अंश झाडावर चार ते सहा दिवस माशीला मारण्याइतका टिकतो, मग रात्री मारलं काय आणि दुपारी मारलं काय.

ह्यावर आम्ही गल्लीतल्या सात-आठ जणांनी मिळून जे केलं ते असं. फुलावर आलेली बाभूळ फवारायची नाही. तिथं रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान फांद्या हलवून भुंगेरे खाली ताडपत्रीवर पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे, बाकी ठिकाणी प्रकाश सापळे, आणि उसात शेणखतातनं मेटारायझियम बुरशी सोडायची. पोरं मजेत करतात, एका झाडाखाली बादली-बादली भुंगेरे निघतात. एकट्यानं करून काही होत नाही हे मात्र पक्कं, भुंगेरा तुमच्या बांधावरची पाटी वाचून येत नाही.

तिसरं वर्ष, ऑक्टोबर. आता सगळे संध्याकाळी मारतात, आण्णासुद्धा, आणि तरी पेटीपुढं सडा. मी जरा तावातच गेलो त्यांच्याकडं.

"आण्णा, परत सकाळी मारलं का औषध?"

"न्हाई की रं. संध्याकाळी सहाला मारलंय, तूच सांगितल्यालं न्हवं का."

खरं सांगत होते. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याच मांडवाखाली बसून राहिलो. ह्या वेळी काकडी नव्हती, दोडका होता. साडेपाच वाजून गेले आणि एकेक कळी हळूहळू सुटायला लागली, सहापर्यंत अख्खा मांडव पिवळा झाला, आणि माश्या आल्या. दिवस मावळेपर्यंत काम चालू होतं. दोडका संध्याकाळी फुलतो! हे आण्णांना जन्मभर माहीत होतं, मलाही शेतकऱ्याच्या घरात जन्मून माहीत होतं, पण "संध्याकाळी फवारा" हे डोक्यात इतकं बसलं होतं की दोघांच्याही ध्यानात आलं नाही. जी वेळ काकडीला सुरक्षित तीच दोडक्याला सगळ्यात वाईट. दुधी भोपळासुद्धा संध्याकाळीच उमलतो. काकडी, कारलं, घोसाळं, लाल भोपळा हे सकाळचे गडी. म्हणजे घड्याळ बघून उपयोग नाही, आपल्या पिकाचं फूल कधी उघडतं ते बघायचं आणि ते मिटलेलं असताना मारायचं. दोडक्याला आता आम्ही सकाळी आदल्या रात्रीची फुलं कोमेजली की मारतो, आणि असं औषध घेतो जे संध्याकाळपर्यंत वाळून निवतं.

पण तेवढ्यानं थांबलं नाही. मरणं कमी झालं, बंद नाही झालं. आणखी आठवडाभरानं सापडलं ते पाणी. विहिरीजवळ हौद आहे, तिथं सगळे पंप भरतात आणि फवारणी झाली की तिथंच पंप, नोझल, बादली धुतात, ते पाणी हौदाखालच्या शेवाळावर साचून राहतं. ओल्या शेवाळावर माश्या ओळीनं बसून पाणी पीत होत्या, पंचवीस-तीस तरी, आणि बाजूला कालच धुतलेल्या बाटलीचं झाकण पडलेलं. माशीला वाहतं पाणी आवडत नाही, तिला असं ओलं, उथळ, पाय टेकवायला जागा असलेलं लागतं. मी त्याच दिवशी पंप धुवायची जागा हलवायला लावली, लांब पडीक कोपऱ्यात खड्डा काढून, आणि पेट्यांपासनं वीस फुटांवर पसरट पराती ठेवल्या, त्यात खडे आणि नारळाची सोडणं, पाणी रोज बदलतो. हे सगळ्यात स्वस्तातलं काम आहे आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. फवारणी सुरू व्हायच्या आधी परात ठेवा, कारण माशीला एकदा हौदाची सवय लागली की ती लवकर सोडत नाही.

डब्यावरचा रंग माणसासाठी आहे

ह्याबद्दल मला मनापासनं तळमळीनं सांगायचंय. औषधाच्या डब्यावर चौकोन असतो आणि त्यातला खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा असतो. आपण समजतो लाल म्हणजे जहाल आणि निळा-हिरवा म्हणजे सौम्य. ते बरोबर आहे पण ते माणसासाठी, प्रयोगशाळेतल्या उंदरांवर पोटातून दिलेल्या मात्रेवरनं ते रंग ठरलेत. माशीचा त्याच्याशी संबंध नाही. थायामेथोक्झाम निळ्या त्रिकोणात येतं, आणि तेच माशीच्या पोटात साधारण ५ नॅनोग्रॅम गेलं तरी निम्म्या माश्या मरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, कल्पना करा. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रीड, क्लोथियानिडीन आणि थायामेथोक्झाम ह्या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो माश्यांसाठीच. डब्यात घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, बारीक अक्षरात, त्यात माशीबद्दलचा इशारा असतो, तो वाचा, रंग बघून ठरवू नका.

माझ्या अनुभवात आणि जेवढं वाचलंय-विचारलंय त्यात फुलोऱ्यात ह्यांना हातच लावायचा नाही: फिप्रोनील, इमिडा, थायामेथोक्झाम, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, लॅम्डा सायहॅलोथ्रीन, सायपरमेथ्रीन. थायामेथोक्झामचा अंश पानाफुलावर एक-दोन आठवडे माशीला धोकादायक राहू शकतो, शिवाय ते झाडाच्या अंगात भिनतं आणि मकरंदात, परागात उतरतं, म्हणून फुलं मिटलेली असताना मारलं तरी पुढं उमलणाऱ्या फुलात ते असतंच. सोयाबीनवर थायामेथोक्झाम आणि लॅम्डाचं जोड औषध आपल्याकडं सर्रास चालतं, ते मारायचंच असेल तर फुलोरा सुरू व्हायच्या बराच आधी. पिठासारखी धुरळायची पावडर सगळ्यात वाईट, ती माशीच्या अंगावरच्या केसांना परागासारखी चिकटते आणि माशी ती गोळा करून घरी नेते.

मग मारायचं काय? अळीसाठी बीटी (जिवाणूपासनं केलेलं औषध), नाहीतर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल, त्याचा माशीला त्रास खूप कमी. रस शोषणाऱ्या किडीला निंबोळी अर्क आधी, मावा-पांढरी माशी जास्तच असेल तर फ्लोनिकामीड. स्पिनोसॅड ओलं असताना माशीला मारतं पण तीनेक तासांत वाळलं की धोका बराच उतरतो, म्हणून फूल उघडायच्या चांगलं आधी मारलं तर चालतं. इमामेक्टीनचंही ओलं असताना वाईट, फक्त त्याला जास्त तास द्या. वेलवर्गीय भाज्यांत फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे लावले की निम्म्या फवारण्या आपोआप कमी होतात. मक्याला लष्करी अळीसाठी पोंग्यात मारा, तुरा बाहेर पडला की थांबा, कारण तुऱ्यावर सकाळी पराग न्यायला माश्या येतात.

आणि ते कॉकटेल बंद करा हो! एकाच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, वरनं स्टिकर. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल अशी बुरशीनाशकं एकटी असताना माशीला फार काही करत नाहीत, पण माशीच्या शरीरात विष मोडून काढायची जी व्यवस्था असते ती ही बुरशीनाशकं अडवतात, मग सोबतचं लॅम्डा-सायपर कित्येक पटीनं जास्त मारक होतं. सिलिकॉनच्या स्प्रेडरचंही तसंच, त्यात कीटकनाशकाचा थेंब नसला तरी माशीच्या शिकण्या-आठवण्यावर परिणाम होतो हे प्रयोगात दिसलंय. मजुरी वाचते म्हणून सगळं एकत्र मारतात ते मला समजतं, मीही मारायचो. निदान फुलोऱ्यातले तीन-चार आठवडे तरी वेगवेगळं मारा.

शेजाऱ्याशी बोलायचं कसं

सातेरी साधारण एक-दीड किलोमीटर फिरते. पेटीपासनं चारी बाजूंना दीड किलोमीटर धरलं तर १,७०० एकरांच्या वर रान होतं. तुमच्या दोन एकरांत तुम्ही कितीही जपलं तरी बाकी रान दुसऱ्याचं आहे, म्हणून बोलल्याशिवाय इलाज नाही. "माझ्या माश्या मेल्या" म्हणून भांडायला गेलं की समोरचा म्हणतो तुझ्या पेट्या उचल आणि ने. मी आता काकडीवरनंच सुरुवात करतो. आण्णांनी एकदा मला विचारलं होतं, "काकड्या अशा वाकड्या का हुत्यात रं, खत तर सगळं दिलंय." फुलावर माशी पुरेशा वेळा बसली नाही की बी एका बाजूलाच धरतं आणि फळ त्या बाजूला फुगतं, दुसरीकडं चिंबतं, वाकतं. हे त्यांना एक वाकडी काकडी उभी चिरून दाखवलं, फुगलेल्या टोकाला बी आणि चिंबलेल्या टोकाला नुसती पोकळ सालं. त्या दिवसापासनं तेच इतरांना सांगत फिरतात की पेट्या असू द्यात.

आमचा साधा नियम आहे, फवारणीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज, कुठला गट, कुठलं औषध, किती वाजता. बस्स. नाव घेऊन कुणाला बोलायचं नाही. आता ड्रोन आलेत, ड्रोनमध्ये पाणी कमी आणि औषध दाट असतं, वारा असेल तर उसावरचं शेजारच्या शेवग्यावर जातं, म्हणून ड्रोनवाल्याला आधी फोन करून पेट्या कुठं आहेत ते दाखवा, सकाळी वारा पडलेला असताना येतात म्हणजे नेमक्या माश्या बाहेर असतात, ती वेळ बदलून घ्या. बांधावरची ओसाडी, तणाची फुलं फवारणीच्या आधी कापून टाका, पिकाला फूल नसलं तरी माशी खालच्या तणावर असते. काही अडलं तर कणेरी किंवा तळसंदेच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा, पिकाचं नाव, किडीचं नाव आणि फुलोरा आहे का नाही हे तिन्ही सांगा, नुसतं "चांगलं औषध द्या" म्हणू नका.

पेटी बंद करायची का हलवायची

एक-दोन तासांचा प्रश्न असेल, वाळलं की निवणारं औषध असेल, तर आदल्या रात्री सगळ्या घरी आल्या की दाराला तारेची जाळी लावा, पेटीवर ओलं पोतं टाका, वर रिकामी कोठी ठेवून हवेला जागा द्या, आणि सकाळी नऊ-दहाच्या आत उघडा. दार लाकडानं किंवा चिखलानं ठार बंद करू नका, आत उकडून मेण मऊ होतं, पोळी गळून पडतात आणि विषानं मेल्या नसत्या तेवढ्या गुदमरून मरतात. मार्च ते मे मध्ये तर दिवसा बंद ठेवायच्या भानगडीतच पडू नका.

क्लोरपायरीफॉस, थायामेथोक्झामसारखं टिकणारं असेल तर बंद करून काही उपयोग नाही, उघडल्यावर त्या तिथंच जाणार. तेव्हा पेट्या रात्री उचलून कमीत कमी तीन किलोमीटर लांब न्या, त्याच्या आत ठेवल्या तर माश्या जुन्या जागेवर परत जातात. मी मार्चमध्येच निम्म्या पेट्या राधानगरीकडं पाहुण्यांच्या रानात नेतो, तिकडं जांभळाचा बहर असतो, फवारणी जवळपास नाही, आणि उन्हाळी भाजीपाल्याचा मारा चुकतो. भुदरगडातलं पाटगाव मधाचं गाव झालं ते काही उगाच नाही, तिकडं जंगल आहे, विषाचा त्रास नाही. ज्यांना पेट्या नव्यानं करायच्यात त्यांनी महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचं प्रशिक्षण घ्या.

मेल्याच तर त्या दिवशी काय करायचं

ताज्या मेलेल्या माश्या, उन्हात वाळायच्या आत, मूठ-दोन मूठ स्वच्छ पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, पिशवीवर तारीख लिहा आणि पेटीपुढचा फोटो काढा. तपासणी करायची असेल तर ह्याच लागतात, दोन दिवस उन्हात पडलेल्यांत विषाचा अंश उतरून जातो.

मग पेटी उघडा. राणी आहे का बघा. मेलेल्या सगळ्या झाडून काढा. ज्या पोळ्यात ताजा पराग साठवलेला दिसतो ते पोळं काढून टाका, जीवावर येतं पण काढाच, कारण विष त्या परागात आहे आणि पुढचे कित्येक दिवस दाई माश्या तोच पराग अळ्यांना घालतात. पहिल्या वर्षी मी हेच केलं नाही आणि पंधरा दिवस रोज थोड्या-थोड्या मरत राहिल्या, तेव्हाच मला रोग वाटला होता. एकास एक साखरपाक द्या, रात्री द्या, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. दोन-तीन चौकटींपुरत्याच माश्या उरल्या असतील तर मधली फळी आत सरकवून जागा लहान करा, दार अंगठ्याएवढं ठेवा, आणि चांगल्या पेटीतली बंद कोषांची एक चौकट माश्या झटकून द्या, आठ-दहा दिवसांत नव्या माश्या निघतात आणि पेटी उभी राहते. त्या पेटीचा त्या हंगामातला मध काढू नका, ना घरी ना विकायला.

पंधरा दिवसांनी राणी परत बघा. बऱ्याचदा त्या धक्क्यात कामकरी टिकतात आणि राणी नंतर जाते, आणि तेव्हा आपलं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं. माझ्या नऊपैकी एक पेटी अशीच गेली, सगळं सावरल्यावर, दिवाळीत.